फोर्ट रॉबिन्सनला पहिल्यांदाच आरव्ही घेऊन जाताना

नेब्रास्का म्हटलं की अमेरिकेतल्या बहुतेक मराठी मंडळींच्या डोळ्यांसमोर इंटरस्टेट ८० येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. यलोस्टोनला किंवा माउंट रशमोरला जाताना हा प्रदेश एका दमात ओलांडायचा असतो, अशीच समजूत आहे. याच राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, गवताळ मैदानं आणि पाँडेरोसा पाइनचे कडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे, फोर्ट रॉबिन्सन स्टेट पार्क आहे. क्षेत्रफळ बावीस हजार एकरांहून जास्त. १८७४ ते १९४८ अशी चौऱ्याहत्तर वर्षं इथे लष्करी ठाणं होतं, आणि मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या इतिहासातल्या दोन फार दुःखद घटना याच आवारात घडल्या.

आरव्ही, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी ही जागा मी मनापासून सुचवते. घाट नाहीत, बोगदे नाहीत, राष्ट्रीय उद्यानांसारखी साइटसाठी, म्हणजे गाडी उभी करून मुक्काम करायच्या जागेसाठी, झुंबड नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. दिवसभराचे पाहुणे साडेपाच-सहाला निघून जातात, आणि त्यानंतर कवायतीच्या मैदानाभोवती पायी फिरताना हा किल्ला जसा उलगडतो तसा दुपारच्या दोन तासांत उलगडत नाही. त्यासाठी मुक्काम तिथेच हवा. आरव्हीची तांत्रिक कामं पटकन हातावेगळी करता आली की सकाळ-संध्याकाळ त्या जागेसाठी मोकळी राहते. पुढची सगळी माहिती त्याच हिशोबाने मांडली आहे.

आधी तारीख ठरवा

पार्कचा गजबजता हंगाम मेच्या अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत. घोडेसवारी, घोडागाडीची फेरी, जीप टूर, उघड्यावरची जेवणं, पोस्ट प्लेहाउसमधली नाटकं हे सगळं प्रामुख्याने याच काळात. मुलं लहान असतील तर जूनचा पहिला पंधरवडा बरा. गवत अजून हिरवं असतं आणि जुलैचं ऊन सुरू झालेलं नसतं. फक्त मे ते जुलै हा गारांच्या वादळांचाही काळ आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

मोठ्या माणसांनीच जायचं असेल तर लेबर डे उलटून गेल्यावरचे दोन-तीन आठवडे निवडा. गवत सोनेरी झालेलं असतं, डास कमी, रात्री गारवा आणि शेजारी मोजकेच. जागा समुद्रसपाटीपासून ३,७०० फुटांहून उंचावर आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या पहाटे स्वेटर लागतोच. या काळात उपाहारगृह आणि संग्रहालयांच्या वेळा कमी होतात, त्या आधी तपासून घ्या. थंडीत जायचा विचार पहिल्या खेपेला सोडून द्या. गोठणबिंदूखाली आरव्हीचे नळ आणि टाक्या सांभाळणं हे नवख्याचं काम नव्हे.

किमान तीन रात्री ठेवा. पहिला दिवस पोहोचण्यात जातो, शेवटचा आवरण्यात, आणि मधले दोन पूर्ण हातात राहतात.

गाडी कोणती घ्यायची

पहिल्या खेपेला 'क्लास सी' मोटारहोम भाड्याने घ्या. व्हॅनच्या चासीवर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली गाडी ती. चार माणसांना पंचवीस फुटांच्या आसपासची गाडी पुरते. मागे ओढायचा ट्रेलर भाड्याने स्वस्त पडतो, पण रिव्हर्स घेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट वळतो, आणि तो सराव रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आधी झालेला असायला हवा. खासगी वापराच्या क्लास सीला साधा ड्रायव्हिंग लायसन्स चालतो. भाड्याने देणारे बहुधा चालकाचं वय किमान पंचवीस मागतात. भारतातून आई-बाबा आले असतील आणि त्यांच्यापैकी कुणी चालवणार असेल, तर कंपनीला आधी विचारा.

डेन्व्हरमध्ये गाड्यांची निवड भरपूर. तिथून पार्क तीनशे मैलांच्या आसपास आहे. आरव्हीने थांबत-थांबत सहा-सात तास धरा. रॅपिड सिटीहून अंतर खूपच कमी, पण तिथे गाड्या कमी आणि उन्हाळ्यात महाग. करार करताना तीन आकडे नीट वाचा: दिवसाला किती मैल फुकट, जनरेटरच्या तासाला किती, आणि टाक्या रिकाम्या न करता गाडी परत दिली तर दंड किती. पेट्रोलचा अंदाज गॅलनला आठ ते दहा मैल असा बांधा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. देणारा माणूस पंधरा मिनिटांत सगळं भराभर दाखवतो, म्हणून एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने फोनवर व्हिडिओ काढायचा. पाण्याचा पंप, गीझरचं बटण, प्रोपेनचा म्हणजे शेगडीच्या गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह, दोन्ही सांडपाण्याच्या टाक्यांच्या दांड्या, फ्यूजची पेटी आणि ऑनिंग म्हणजे बाहेरची गुंडाळती छत्री कशी आत घ्यायची, एवढं त्या व्हिडिओत आलं पाहिजे. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. क्लास सी अकरा-बारा फूट उंच असते. पेट्रोलपंपाचं छत, बँकेचा ड्राइव्ह-थ्रू आणि झाडाच्या फांद्या या तीन गोष्टी भाड्याच्या गाड्यांची छतं फाडतात.

साइट बुक करताना

बुकिंग राज्याच्या पार्क विभागाच्या संकेतस्थळावरून होतं. साइटचं भाडं वेगळं आणि गाडीचा पार्क प्रवेश परवाना वेगळा, हे पहिल्यांदा येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. परवाना एका दिवसाचा किंवा वर्षाचा मिळतो, आणि बाहेरच्या राज्याच्या गाडीला दर जास्त असतो. तीन रात्रींचे रोजचे परवाने आणि एक वार्षिक, दोन्हींचा हिशोब करून पाहा.

सोल्जर क्रीक कॅम्पग्राउंडमध्ये फुल हुकअपच्या साइट आहेत, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी तिन्ही जागेवरच. नवख्यांनी इथे पैसे वाचवू नयेत. फुल हुकअप घ्या. साइट निवडताना नकाशावर दोन गोष्टी पाहा: लांबी तुमच्या गाडीपेक्षा निदान पाच फूट जास्त असावी, आणि शक्य असेल तर 'पुल-थ्रू' म्हणजे एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येणारी जागा मिळावी. मग रिव्हर्सचा प्रश्नच येत नाही.

घरात कुणाला आरव्हीत झोप लागणार नसेल तर किल्ल्याची १९०९ ची विटांची बराक आता लॉज म्हणून चालते, आणि जुन्या अधिकाऱ्यांची घरंही भाड्याने मिळतात. आजी-आजोबा खोलीत आणि बाकीचे आरव्हीत, अशी वाटणी अनेक कुटुंबांना सोयीची पडेल.

रस्ता

डेन्व्हरहून शायेन, टॉरिंग्टन, लस्क आणि मग पूर्वेला वळून हॅरिसनमार्गे यूएस २० हा एक मार्ग. लस्कला टाकी पूर्ण भरून घ्या. पुढचा साठेक मैलांचा पट्टा निर्मनुष्य म्हणावा असा आहे, आणि आरव्ही अर्ध्या टाकीवर आली की भरायची ही सवयच लावून घ्या. दुसरा मार्ग स्कॉट्सब्लफवरून उत्तरेला. दोन्ही रस्ते दुपदरी, सरळ आणि शांत आहेत.

अवघड आहे तो वारा. मैदानात त्याला अडवायला काही नसतं आणि आरव्हीची बाजू म्हणजे सपाट भिंत. आडवा वारा सुटला की वेग पन्नासवर आणा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. समोरून मोठा ट्रक येत असेल तर तो शेजारून जाताना वारा क्षणभर थांबतो आणि मग पुन्हा जोरात आदळतो, त्याची मनाची तयारी असू द्या. वाऱ्याची सूचना जाहीर झाली असेल तर एक रात्र वाटेत काढलेली बरी.

ओमाहा किंवा लिंकनकडून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: राज्याचा पश्चिम भाग माउंटन टाइमवर चालतो, म्हणजे घड्याळ एक तास मागे. किराणा चॅड्रनमध्ये भरा. शेवटचं मोठं दुकान तिथेच आहे, किल्ल्यापासून अर्ध्या तासावर. अगदी जवळचं गाव क्रॉफर्ड, तीन मैलांवर, पण छोटं आहे. कोथिंबीर, कढीपत्ता, दही, कणीक हे डेन्व्हरहूनच आणा. आणि नकाशे फोनवर आधी उतरवून ठेवा, रेंज सगळीकडे मिळत नाही.

साइटवर पोहोचल्यावरचा क्रम

उजेडात पोहोचा. मग हा क्रम पाळा, आणि तो मोडू नका.

१. गाडी आत घेण्याआधी खाली उतरून साइट एकदा चालून पाहा. विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं तोंड गाडीच्या डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला यायला हवं. वर फांद्या आहेत का ते बघा.

२. रिव्हर्स घ्यायचा असेल तर एकाने मागे ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. आरशात तो माणूस दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. खुणा एकानेच करायच्या. काका, मामा आणि मुलं तिघं एकदम ओरडले की ड्रायव्हर कुणाचंच ऐकू शकत नाही.

३. गाडी समतल करा. लेव्हल ॲप उघडून फोन गाडीच्या आत फरशीवर ठेवून पाहा, जी चाकं खाली आहेत त्यांच्यापुढे प्लास्टिकचे ठोकळे ठेवा आणि गाडी त्यावर चढवा. हे झोपेच्या सुखासाठी तर आहेच, शिवाय अनेक आरव्हींचा फ्रिज गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा असतो, आणि गाडी तिरकी राहिली तर त्यातला द्रव नीट फिरत नाही. मग फ्रिज गार होत नाही आणि बिघडूही शकतो.

४. चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा.

५. वीज: खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा, प्लग लावा, मग ब्रेकर चालू. भाड्याच्या क्लास सीचा प्लग बहुधा ३० अँपिअरचा असतो. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या अचानक वाढणाऱ्या दाबापासून वाचवणारं यंत्र, मिळाला तर जरूर लावा.

६. पाणी: पांढरा किंवा निळा होज फक्त पिण्याच्या पाण्याचा. नळ थोडा वेळ वाहू द्या, दाब कमी करणारा रेग्युलेटर नळाला लावा, मग होज जोडा. नळाचं पाणी जोडल्यावर गाडीतला पंप बंद ठेवा.

७. सांडपाण्याची पाइप सगळ्यात शेवटी, हातमोजे घालून.

सवय झाली की हे सगळं अर्ध्या तासात होतं.

वीज, फोडणी आणि कुकर

३० अँपिअर आणि १२० व्होल्ट म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि त्याच वेळी कुणी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली की ब्रेकर पडणार. मिक्सर किंवा इंडक्शन चालवताना एसी दहा मिनिटं बंद ठेवायचा, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आरव्हीचं स्वयंपाकघर अरुंद असतं आणि धुराचा अलार्म शेगडीपासून दोन हातांवर. मोहरी-हिंगाची फोडणी आत केली की तो वाजतोच. वरण-भाताचा कुकर आत चालतो, छतावरची पंख्याची झडप उघडी ठेवा. फोडण्या, तळण आणि मिरचीचा ठेचा मात्र बाहेर टेबलावर, सुटसुटीत एका बर्नरच्या शेगडीवर करा. साइटवरच्या निखाऱ्यांवर वांगं भाजा, भरीत घरच्यापेक्षा चांगलं होतं. भाकरीचं पीठ न्यायला विसरू नका.

जमिनीलगत भिंतीवर एक छोटी पेटी असते, तो प्रोपेनचा अलार्म. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो, म्हणून ती पेटी खाली. ती वाजली तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांनी बाहेर पडायचं, बाहेरून मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. पेट्रोल भरतानाही प्रोपेन बंद हवा. हे सुरक्षेचे अलार्म त्रासदायक वाटले म्हणून त्यांच्या बॅटऱ्या काढू नका, कधीही.

लाकूड घरून आणू नका. लाकडाबरोबर ॲश जातीच्या झाडांना मारणारा किडा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. इथेच विकत घ्या, आणि त्याआधी आग पेटवायला बंदी आहे का ते ऑफिसात विचारा. १९८९ साली इथल्या डोंगरांत प्रचंड वणवा लागला होता. त्यात जळालेल्या पाइनचे उघडे उतार तुम्हाला पश्चिमेकडे दिसतील. कोरड्या गवतात एक ठिणगी म्हणजे काय, ते इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे.

टाक्या

तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, भांडी-अंघोळीच्या पाण्याची 'ग्रे', आणि संडासाची 'ब्लॅक'. फुल हुकअप असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घन पदार्थ मागे राहून सुकतात. टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची. ग्रेचाही व्हॉल्व्ह आदल्या दिवसापासून बंद ठेवा, म्हणजे ब्लॅक सोडल्यावर ग्रेच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघते. आधी ब्लॅक, मग ग्रे, हे पाठ करा.

आपल्याकडे संडासात पाणी वापरायची सवय आहे. तिचा इथे फायदाच होतो, कारण ब्लॅक टाकीला भरपूर पाणी हवंच असतं. फक्त टाकी लवकर भरते, मापक बघत राहा. कागद वापरलाच तर आरव्हीसाठीचा, पाण्यात विरघळणारा. ओले वाइप्स, डायपर, केस काहीही आत टाकायचं नाही. आणि सिंकमध्ये तेलकट कढई किंवा भाताची पेज ओतू नका. ताटं आधी कागदाने पुसून घ्या, तो कागद कचऱ्यात टाका.

किल्ला कसा पाहायचा

पहिल्या संध्याकाळी काही वाचू नका, फक्त कवायतीच्या मैदानाला एक चक्कर मारा. एका बाजूला मातीच्या विटांची १८८७ ची अधिकाऱ्यांची घरं, पलीकडे १९०५ चं मुख्यालय, मागे रेड क्लाउड बट्सचे फिकट कडे. मांडणी डोक्यात बसते आणि दुसऱ्या दिवशीची माहिती त्यावर लागत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुख्यालयातल्या इतिहास संग्रहालयापासून सुरुवात करा. गोष्ट अशी आहे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारानंतर लकोटा या मूळ रहिवासी लोकांना ठरलेलं धान्य-कापड देण्यासाठी सरकारने व्हाइट नदीकाठी रेड क्लाउड एजन्सी उभारली, १८७३ मध्ये. दुसऱ्याच वर्षी, तणाव वाढल्यावर, तिच्याजवळ लष्कराची छावणी पडली. नुकत्याच मारल्या गेलेल्या लेफ्टनंट लिव्हाय रॉबिन्सनचं नाव तिला दिलं गेलं. त्याच वर्षी लष्करी अधिकारी कस्टरच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोनं असल्याची बातमी आणली, आणि कराराने लकोटांची असलेली ती भूमी बळकावण्याची लढाई सुरू झाली.

जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरचा पराभव झाला. त्या लढाईतला लकोटांचा सेनानी क्रेझी हॉर्स हिवाळाभराच्या उपासमारीनंतर मे १८७७ मध्ये आपल्या लोकांना घेऊन इथे आला आणि शस्त्रं खाली ठेवली. चारच महिन्यांनी, ५ सप्टेंबरला, त्याला कैद करण्यासाठी गार्डहाउसकडे, म्हणजे पहाऱ्याच्या इमारतीकडे, नेण्यात आलं. आत कोठडी दिसताच तो मागे फिरला, झटापट झाली, आणि एका शिपायाच्या संगिनीने त्याला भोसकलं. शेजारच्या ॲडज्युटंटच्या, म्हणजे ठाण्याचं कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. देऊ केलेली खाट नाकारून तो जमिनीवर पडून राहिला. आई-वडिलांनी त्याचा देह नेला आणि कुठे ठेवला हे कुणाला सांगितलं नाही. आजही ते ठाऊक नाही.

गार्डहाउस आणि ती कचेरी या दोन्ही लाकडी इमारती मूळ जागी पुन्हा बांधल्या आहेत, आणि जवळ एक दगडी स्मारक आहे. तिथे लोकांनी वाहिलेल्या वस्तू दिसल्या तर त्यांना हात लावू नका, त्यांचे फोटोही काढू नयेत असं मला वाटतं. पाइन रिज इथे लकोटा लोक आजही राहतात, गाडीने दोनेक तासांच्या आत. ही त्यांच्या माणसाची मृत्यूची जागा आहे. मुलांना आधी समजावून न्या.

दुसरी घटना जानेवारी १८७९ ची. नॉर्दर्न शायेन या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांना त्यांच्या उत्तरेकडच्या भूमीतून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं होतं. तिथे हिवताप आणि उपासमारीने माणसं मरू लागली, तेव्हा सप्टेंबर १८७८ मध्ये तीनशेच्या आसपास लोक घराच्या दिशेने निघाले. पुढे त्यांचे दोन गट झाले. मॉर्निंग स्टारच्या, म्हणजे डल नाइफच्या, सुमारे दीडशे माणसांच्या गटाला पकडून इथल्या बराकीत ठेवलं. यात निम्म्याहून जास्त बायका आणि मुलं होती. दक्षिणेला परत जाण्यापेक्षा इथेच मरू, असं त्यांनी निक्षून सांगितलं. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन वेसल्स याने ऐन थंडीत त्यांचं अन्न आणि सरपण तोडलं, नंतर पाणीही. ९ जानेवारीच्या रात्री, बर्फ पडलेला असताना, ते खिडक्यांतून उड्या टाकून पळाले. नदीपलीकडच्या कड्यांकडे धावताना आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या पाठलागात साठाहून अधिक जण मारले गेले.

ती बराकही मूळ जागी उभारली आहे. संध्याकाळी तिच्या दाराशी उभं राहून पश्चिमेच्या कड्यांकडे पाहा, आणि मग व्हाइट नदीपर्यंत चालत जा. अंतर किती कमी आहे आणि कडाक्याच्या थंडीत, मुलं काखेत घेऊन ते किती मोठं असेल, हे पायांनाच कळतं. कोणताही माहितीफलक ते सांगू शकत नाही. दर जानेवारीत नॉर्दर्न शायेन मुलं-मुली इथून मोंटानातल्या बझबीपर्यंत, सुमारे चारशे मैल, धावत जातात. या घटनेतल्या मृतांचे संग्रहालयांमध्ये नेऊन ठेवलेले अवशेष १९९३ मध्ये परत मिळवून त्याच बझबीला दफन केले गेले.

यानंतरचा इतिहास जरा भराभर पाहिला तरी चालेल, पण १८८५ पासून इथे असलेल्या नवव्या घोडदळाचं दालन चुकवू नका. हे कृष्णवर्णीय सैनिकांचं दल होतं. स्वतः समान हक्क नाकारले गेलेले हे लोक दुसऱ्या एका समाजावर पहारा द्यायला नेमले गेले होते, ही गुंतागुंत तिथे शांतपणे वाचण्यासारखी आहे. पुढे घोड्यांचं आगार, दुसऱ्या महायुद्धात लष्करी कुत्र्यांचं प्रशिक्षण केंद्र आणि जर्मन युद्धकैद्यांची छावणी, असं ठाण्याचं रूप बदलत गेलं.

मुलांना मात्र सगळ्यात आवडेल ते ट्रेलसाइड संग्रहालय: झुंजताना सुळे एकमेकांत अडकून मेलेल्या दोन मॅमथ (हत्तीसारखा लुप्त प्राणी) नरांचे सांगाडे, १९६२ मध्ये क्रॉफर्डच्या उत्तरेला सापडलेले.

गवे, साप आणि आसपासच्या जागा

पार्कमध्ये बायसनचा, म्हणजे अमेरिकन गव्यांचा, कळप आहे, लाँगहॉर्न गुरंही आहेत. स्मायली कॅन्यनच्या वळणदार रस्त्यावर ते दिसतात. सकाळी लवकर जा आणि गाडीतूनच पाहा. शांत दिसणारा बायसन माणसापेक्षा कितीतरी जास्त वेगाने धावतो. उंच गवतात प्रेअरी रॅटलस्नेक असतात, तेव्हा पूर्ण बूट, लांब पँट, आणि दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही. परतल्यावर मुलांच्या कानामागे, केसांत, काखेत गोचीड तपासा.

टोडस्टूल जिऑलॉजिक पार्क फार सुंदर आहे, पण शेवटचा रस्ता कच्चा आहे. पावसानंतर तिथला चिखल चाकं धरून ठेवतो, आणि भाड्याच्या आरव्हीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते. शक्य असेल तर बरोबरच्या कुटुंबाने साधी गाडी आणावी, ती अशा वेळी सोन्यासारखी उपयोगी पडते. हॅरिसनच्या दक्षिणेचं अगेट फॉसिल बेड्स राष्ट्रीय स्मारक पक्क्या रस्त्यावर आहे, तिथे आरव्ही नेता येईल. लकोटा प्रमुख रेड क्लाउड आणि त्याच्या लोकांनी तिथल्या रँचच्या कुक कुटुंबाला दिलेल्या भेटवस्तू तिथे पाहायला मिळतात. जीवाश्म, बाणाची टोकं, जुनी काडतुसं, कुठेही काहीही उचलायचं नाही. कायद्याने गुन्हा आहे.

वादळ आलं तर

उन्हाळी दुपारी ढग चढताना दिसले की ऑनिंग आत घ्या. बाहेर फिरायला जातानाही ती उघडी ठेवू नका, एक झोत तिला मोडून छतावर फेकतो. हवामानखात्याचे इशारे काउंटीच्या नावाने येतात. पार्क डॉझ आणि सू अशा दोन काउंटींत पसरलेलं आहे, ही दोन नावं लिहून ठेवा. चेक-इन करतानाच विचारा की मोठं वादळ आलं तर कोणत्या इमारतीत जायचं. टोर्नेडोच्या इशाऱ्याला आरव्हीत थांबायचं नाही. ती कितीही जड वाटली तरी आसरा नव्हे.

निघायच्या दिवशी

आदल्या रात्रीच बाहेरच्या खुर्च्या, शेगडी आवरून ठेवा. सकाळी टाक्या सोडा, आधी ब्लॅक, मग ग्रे. पाइप धुवा, पाण्याचा होज गुंडाळा, ब्रेकर बंद करून प्लग काढा. कपाटं आणि फ्रिजचं दार लॉक करा, छताच्या झडपा आणि अँटेना खाली घ्या, पायरी आत, उटी उचला. मग एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारून सगळं हाताने तपासायचं आणि त्याने हो म्हटल्याशिवाय चावी फिरवायची नाही. क्रॉफर्डच्या दिशेने निघालात तर दीड मैलावर रेड क्लाउड एजन्सीची मूळ जागा लागते, तिथे दहा मिनिटं थांबता येईल. गाडी परत देण्याआधी शहराबाहेरच पेट्रोल भरून पावती जपून ठेवा, आणि मैलमापकाचा फोटो काढून मगच चावी हातात द्या.